संगणकावर चालतं, कागदावर अडतं

प्रश्न : ताई, माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे आणि अंतिम परीक्षेला जेमतेम तीन महिने उरलेत. संगणक हा माझा सगळ्यात आवडता विषय. घरी मी प्रोग्राम लिहिते आणि ते चालतातही. शाळेच्या प्रकल्पासाठी ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर करतेय. त्यात इतकी रमले की बाकीचे विषय मागे पडले. पण सराव परीक्षेत नेमके संगणकाच्याच पेपरात कमी मार्क पडले! कागदावर कोड लिहायचा म्हटलं की डोक्याची पाटी कोरी होते. ‘या प्रोग्रामचं आउटपुट काय येईल’ हा प्रश्न तर हमखास चुकतो. गणित बरं आहे, पण फारसं आवडत नाही. वर्गातला एक मित्र लहानपणापासून कोडिंग करतोय, त्याच्यापुढे वाटतं की मी फार उशिरा सुरुवात केली. त्यात बाबांनी नवीनच काढलंय : ‘आता कोड एआयच लिहितं, मग तीन-चार वर्षं त्यात घालवून काय करणार?’ आई म्हणते, नावात एआय असलेला कोर्स घे म्हणजे झालं. मी विद्यापीठात संगणकशास्त्र घ्यावं का? आणि आत्ता प्रकल्प सोडून देऊ का?
– गोंधळलेली

उत्तर :

तुझ्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण मला वाटतं खरी ठेच त्या सराव परीक्षेच्या मार्कांची लागलीय. ते बरे पडले असते तर बाबांचं बोलणं तू या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं असतंस आणि मित्राचाही एवढा धसका घेतला नसतास. तेव्हा आधी मार्कांचं बघू. बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतील.

घरी तू प्रोग्राम कसा लिहीत असशील ते मी सांगते, बघ जुळतंय का. चार ओळी लिहायच्या आणि रन करायचं. लाल अक्षरांत एरर आली की ती ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा रन. उत्तर एकाने कमी आलं तर ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा बरोबर’ टाकून बघायचं. जमलं? चला पुढे. सगळेच असं करतात, मीसुद्धा. त्यात गैर काही नाही. फक्त एक होतं : प्रोग्राम चालवण्याचं काम दर वेळी यंत्रच करतं, तुझ्या डोक्याला ती सवयच लागत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये ‘रन’चं बटण नसतं, आणि तिथे गाडं अडतं. तुला कोडिंग येत नाही असं अजिबात नाही. तुला ड्राय रन, म्हणजे यंत्राशिवाय कागदावर ओळीओळीने प्रोग्राम चालवून बघणं, येत नाही, आणि ते तीन महिन्यांत येतं.

बायनरी सर्च घेऊ, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधली संख्या बघून निम्मी यादी सोडून देत शोधायचं. अभ्यासक्रम कुठलाही असो, ते असतंच. चढत्या क्रमाने आठ संख्या आहेत : ३, ८, १२, १७, २१, ३०, ४४, ५८. स्थानं ० ते ७. आपल्याला २१ शोधायचाय. कागदावर चार रकाने आख : लो (शोधायच्या भागाचं पहिलं स्थान), हाय (शेवटचं), मिड (मधलं) आणि मिडच्या जागी असलेली संख्या. पहिली ओळ : लो ०, हाय ७. दोन्हींची बेरीज ७, निम्मे साडेतीन, अपूर्णांक सोडून मिड ३. तिथे १७ आहे, म्हणजे हवी ती संख्या उजवीकडे. लो होतो मिड अधिक एक, म्हणजे ४. दुसरी ओळ : लो ४, हाय ७, मिड ५, तिथे ३०. आता डावीकडे, हाय होतो मिड वजा एक, म्हणजे ४. तिसरी ओळ : लो ४, हाय ४, मिड ४, तिथे २१. सापडला.

इथवर पुस्तकातही असतं. खरी मजा आता आहे. त्याच प्रोग्रामात एकच बदल कर : ‘लो = मिड अधिक एक’ऐवजी ‘लो = मिड’ लिही. आणि पुन्हा २१ शोध, पण हाताने. पहिल्या ओळीनंतर लो ३. दुसऱ्या ओळीत मिड ५, हाय ४. तिसऱ्या ओळीत लो ३, हाय ४, मिड ३, तिथे १७, म्हणून लो पुन्हा ३. चौथी ओळ तिसरीसारखी, पाचवीही तशीच. प्रोग्राम तिथेच घुटमळत राहतो, कधीच थांबत नाही. हे संगणकावर झालं असतं तर तुला पडदा नुसता गोठलेला दिसला असता आणि तू खिडकी बंद करून काहीतरी बदलून पाहिलं असतंस. कागदावर तो नेमका कुठे आणि कशामुळे अडकला ते तुझ्या डोळ्यांसमोर आलं. आता दुसरा बदल कर. ‘मिड अधिक एक’ परत लाव, पण लूपची (तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाची) अट ‘लो हायपेक्षा कमी किंवा बरोबर’ऐवजी नुसती ‘कमी’ ठेव. लो ४ आणि हाय ४ झाल्याबरोबर लूप संपतो आणि यादीत ढळढळीत असलेला २१ ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. ही दोन कोष्टकं एकदा स्वतःच्या हाताने भर. मग ‘अधिक एक’ कुठे आणि ‘बरोबर’ कुठे, हे पाठ करायची गरज उरणार नाही.

हा एवढासा अल्गोरिदम (पायरीपायरीने काम करायची रीत) मोठमोठ्यांनाही चकवतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतलं, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातलं, बायनरी सर्च जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेलं होतं, आणि त्यात कित्येक वर्षं दडून बसलेली एक चूक त्यांनीच २००६ मध्ये जाहीरपणे लिहून दाखवली. चूक कुठे होती? मिड काढण्यासाठी लो आणि हायची बेरीज करायच्या ओळीत. ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा ३२ अंकांच्या) पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादी प्रचंड मोठी असली की बेरीज त्यापुढे जाते आणि उलटून ऋण होते. उपाय साधा : हायमधून लो वजा कर, त्याचे निम्मे कर आणि ते लोमध्ये मिळव. तुझ्या पेपरात टू'ज कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे ऋण संख्या बिटांत लिहिण्याचा, धडा आहे आणि सर्चिंगचा धडा आहे, आणि ते दोन्ही इथे एका ओळीत येऊन भेटतात.

ड्राय रन करताना दोन पथ्यं पाळ. व्हेरिएबलची (लो, हायसारख्या नावाची) किंमत बदलली की जुनी खोडून तिथेच नवी लिहायची नाही, खाली नवी ओळ घालायची. एक तर तुला मागे जाऊन चूक शोधता येते. शिवाय शेवटचं उत्तर चुकलं तरी मधल्या बरोबर ओळींचे मार्क मिळण्याची शक्यता राहते. आणि रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा प्रोग्राम, आलं की प्रत्येक कॉल (बोलावणं) थोडा उजवीकडे सरकवून एकाखाली एक लिही. मुलं खाली जाताना क्वचितच चुकतात. ती चुकतात परत वर येताना. कॉल परतल्यावर त्याच्या पुढची ओळही चालायची असते, हेच विसरतात. फॅक्टोरियलवर (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकारावर) हे कळत नाही, कारण तिथे परतल्यावर फक्त एक गुणाकार उरतो. ट्रीच्या, म्हणजे फांद्यांसारख्या मांडलेल्या माहितीच्या, इनऑर्डर ट्रॅव्हर्सलवर (आधी डावी फांदी, मग मधला, मग उजवी) करून बघ, लगेच कळेल.

कोड लिहायचा प्रश्न आला तर थेट पहिल्या ओळीला भिडू नकोस. आधी बाजूला एक छोटं उदाहरण घे : इनपुट हे, आउटपुट ते. ते तू हाताने कसं सोडवलंस ते दोन वाक्यांत लिही. मग लूप. दोन ओळींत मोकळी जागा सोड, कारण मध्ये घालायची ओळ हटकून आठवते. अर्धविराम राहिला म्हणून सहसा कोणी फाशी देत नाही, बहुतेक ठिकाणी मार्क तर्काला असतात. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. तुमच्या परीक्षा मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांसोबत गुणदान योजना मिळत असेल तर ती उघड आणि कशाला किती मार्क आहेत ते बघ. मुलं जुने पेपर पन्नास वेळा सोडवतात आणि गुणदान योजना एकदाही वाचत नाहीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आता थिअरी. ती तू वाचत असशील, हायलायटर फिरवत असशील, आणि वाचताना सगळं ओळखीचंही वाटत असेल. त्या ‘ओळखीचं वाटण्या’वर विसंबू नकोस. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून प्रत्येक धड्याला एक कोरा कागद. पुस्तक मिटून लिहायचं, मग वेगळ्या रंगाने राहिलेलं भरायचं, आणि तोच धडा चार-पाच दिवसांनी पुन्हा.

आकडेमोडीच्या प्रश्नांत मात्र उत्तर ताडून बघायची सोय असते आणि ती फार कमी जण वापरतात. उणे ४५ आठ बिटांत लिहायचाय? ४५ म्हणजे ००१०११०१. बिट उलटव : ११०१००१०. एक मिळव : ११०१००११. आता हे चिन्हाशिवाय वाच : १२८, ६४, १६, २ आणि १, एकूण २११. आणि २५६ वजा ४५ किती? २११. दहा सेकंदांत खात्री झाली. नॉर्मलायझेशनची (एकच माहिती अनेकदा साठू नये म्हणून टेबल तोडण्याची) व्याख्या घोकत बसण्यापेक्षा तुझ्याच ग्रंथालयाचं टेबल घे. प्रत्येक देवघेवीच्या ओळीत वाचकाचा फोन नंबर लिहिलेला असेल तर नंबर बदलल्यावर किती ओळी बदलाव्या लागतील? एक जरी राहिली तर? याचं उत्तर तुझ्या शब्दांत लिहिलंस की टेबल का तोडायचं ते समजलं म्हणून समज.

प्रकल्प सोडू नकोस. पण आता त्याचं दार लावून घे. आजची तारीख लिही आणि ठरव की यापुढे एकही नवी सोय वाढणार नाही. शोधण्याची खिडकी आणखी देखणी करावी, रंग बदलावेत, उशिरा परत केल्याचा दंड आपोआप मोजावा, या सगळ्या कल्पना एका कागदावर उतरव आणि अहवालात ‘पुढील सुधारणा’ या मथळ्याखाली टाक. तिथे त्यांना मान आहे. प्रकल्पात मुलं ऐंशी टक्के जीव कोडिंगमध्ये ओततात आणि चाचणी नि अहवाल शेवटच्या रात्री उरकतात, खरं तर मार्कांचा मोठा वाटा बहुधा त्या लिखाणालाच असतो. तुझ्या चाचण्यांत चुकीचा डेटा दिसला पाहिजे : नसलेल्या पुस्तकाचा क्रमांक, रिकामं नाव, एकच शेवटची प्रत दोघांनी एकाच वेळी मागितली तर काय होतं. एआयची मदत घेतली असशील तर शाळेचा नियम काय आहे ते बघून तसं स्पष्ट लिही. तोंडी परीक्षेत ‘ही ओळ का लिहिलीस’ असं विचारल्यावर त त प प झालं, तर ते लपवण्याचा काही उपयोग राहत नाही. आणि सगळ्याची प्रत दोन वेगळ्या जागी ठेव. हे सांगायला लागू नये, पण दर वर्षी लागतं.

वेळेचं म्हणशील तर आठवड्यातला एकच ठरावीक दिवस प्रकल्पाला दे आणि बाकीचे दिवस त्याची फाइल उघडूच नकोस. ‘फक्त पाच मिनिटं बघते’ यावर माझा विश्वास नाही, तुझाही नसावा.

गणितावर थोडं थांबते, कारण पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंयस आणि माझ्या मते निर्णय तिथे आहे. संगणकशास्त्राच्या पदवीला प्रवेश देताना अनेक विद्यापीठं गणित आवर्जून मागतात. शाळेत संगणक विषय घेतलाच पाहिजे अशी अट मात्र तितकी सर्रास नसते. याचा अर्थ प्रवेशाच्या दृष्टीने तुझा ‘बरा’ असलेला विषय तुझ्या आवडत्या विषयापेक्षा जड असू शकतो. प्रकल्पातून काढलेला वेळ पहिल्यांदा तिथे जाऊ दे.

आणि प्रवेशाचं सोड, आत गेल्यावर काय असतं ते ऐक. पहिल्या दोन वर्षांत तर्कशास्त्र, संच, मोजणीची सूत्रं, ग्राफ, मॅट्रिक्स, संभाव्यता यांची गाठ पडते. प्रोग्रामिंग असतंच, पण ते सगळ्याचा एक भाग म्हणून. गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी यंत्र काय मोजू शकतं आणि काय मोजूच शकत नाही याचा निकाल लावणारा निबंध १९३६ मध्ये लिहिला, तेव्हा आपण ज्याला संगणक म्हणतो तसं यंत्र अस्तित्वातच नव्हतं. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांना सर्वांत जवळचा रस्ता काढण्याचा अल्गोरिदम १९५६ मध्ये सुचला तो अॅम्स्टरडॅममधल्या एका कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पीत बसलेले असताना. वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. तो छापून आला १९५९ मध्ये. तुझ्या पेपरात त्याच अल्गोरिदमचं कोष्टक भरायला येतं, तेव्हा तो मुळात डोक्यातच चालवलेला होता हे लक्षात असू दे.

तुला गणित का आवडत नाही हे मात्र स्वतःला विचार. लांबलचक आकडेमोडीचा कंटाळा असेल तर घाबरू नकोस, पुढचं गणित वेगळ्या चवीचं आहे. मघाच्या बायनरी सर्चमध्ये आठ संख्यांऐवजी दहा लाख असत्या तर किती वेळा बघावं लागलं असतं? जास्तीत जास्त वीस वेळा, कारण दोनचा विसावा घात १०,४८,५७६. हे वाचून ‘अरेच्चा!’ वाटलं असेल तर तुझं जमेल. पण ‘हे सिद्ध कशाला करायचं, चालतंय ना’ असं मनात आलं असेल, आणि ते दर वेळी येत असेल, तर संगणकशास्त्राची पदवी तुला जड जाईल. मग माहिती तंत्रज्ञान किंवा माहिती प्रणालीसारखा कोर्स जास्त मानवेल. तिथे नेटवर्क, डेटाबेस, संस्थांची कामं संगणकावर कशी बसवायची यावर भर असतो. तोही कमी प्रतीचा नाही, लोक काही म्हणोत.

मित्राबद्दल दोनच गोष्टी. पहिली : क्विकसॉर्ट ही यादी क्रमाने लावायची पद्धत शोधणारे टोनी होअर ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन आणि तत्त्वज्ञान शिकले होते. १९५९ मध्ये मॉस्कोत विद्यार्थी म्हणून असताना, भाषांतराच्या कामासाठी शब्द क्रमाने लावायचे होते, त्यातून त्यांना ती युक्ती सुचली. विद्यापीठात प्रोग्रामिंग बहुतेक ठिकाणी पहिल्या धड्यापासून शिकवतात, आणि आधीपासून येणाऱ्यांची आघाडी वर्ष-दीड वर्षात विरते, विशेषतः ‘मला येतंच’ म्हणून त्यांनी तास बुडवले तर. दुसरी : त्याचा हेवा करण्यापेक्षा त्याला कामाला लाव. त्याने वीस ओळींचा प्रोग्राम लिहावा, त्यात एक चूक मुद्दाम पेरावी, आणि तू ती संगणकाला हात न लावता शोधावीस. दुसऱ्या दिवशी उलट. त्यालाही याची गरज असेल, लहानपणापासून रन करत आलेल्यांना जास्तच असते.

आता बाबा. त्यांचा प्रश्न वेडगळ नाही, पण नवाही नाही. आयबीएममध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा तयार होत होती तेव्हा, १९५४ च्या प्राथमिक अहवालात, असं लिहिलं होतं की फोरट्रानमुळे कोडिंग आणि डीबगिंग (प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणं) जवळजवळ नाहीसं होईल! भाषा १९५७ मध्ये आली. डीबगिंग अजून आपल्या सगळ्यांच्या बोकांडी आहे. नाहीसं झालं ते हाताने यंत्रभाषेत लिहिण्याचं काम. या वेळीही हाताने लिहिण्याचं बरंचसं काम जाईल, जातंच आहे, आणि केवळ टाइप करता येतं म्हणून नोकरी मिळण्याचे दिवस गेले असं बाबा म्हणत असतील तर मी त्यांच्या बाजूने आहे.

पण त्यांना तुझं बायनरी सर्चचं कोष्टक दाखव. ‘लो = मिड’ लिहिलेला तो चुकीचा प्रोग्राम आठवतो? त्यात ३ शोध, सापडतो. ८, १७, ३०, ४४ शोध, सगळे सापडतात. अडकतो फक्त १२, २१ आणि ५८ ला. असा कोड एखाद्या एआयने लिहून दिला, कोणीतरी दोन-तीन आकडे टाकून बघितले आणि ‘चालतंय’ म्हणून पुढे धाडला, तर तो कधी आणि कुठे गोठेल? ते बघून ‘हे चुकलंय, आणि अमुक कारणाने चुकलंय’ असं सांगणारा माणूस लागणारच, आणि तो तयार होतो तो या पदवीच्या अभ्यासात. तुझ्या सराव परीक्षेत जे चुकलं तेच हे कौशल्य आहे. म्हणून मी म्हणते की आउटपुटचे प्रश्न केवळ मार्कांसाठी सोडवू नकोस.

अभ्यासातही एआय वापर, पण उलट्या दिशेने. त्याला पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहायला सांग, टिपणांशिवाय. आउटपुट तू कागदावर काढ. मगच चालवून ताळा कर. उत्तर आधी बघितलंस की संपलं, मग तेही हायलायटर फिरवण्यातच जमा.

आईच्या सूचनेबद्दल माझं मत जरा कडक आहे. पदवीच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली दोन विद्यापीठांत अगदी वेगळं शिकवलं जातं, आणि वेगळ्या नावांखाली तेच. विभागाच्या संकेतस्थळावर विषयांची वर्षवार यादी असते, ती डाउनलोड कर आणि आईला शेजारी बसवून वाच. पहिल्या दोन वर्षांत डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस आहेत का? नाव ‘एआय’ असेल तर संभाव्यता, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्रा कुठल्या वर्षी आहे? कुठेच नसेल तर ती पदवी म्हणजे एआयची साधनं वापरण्याचा वर्ग आहे, आणि साधनं पदवी हातात येईपर्यंत बदललेली असतील. संगणक अभियांत्रिकी लिहिलं असेल तर सर्किट आणि हार्डवेअर किती आहे ते बघ, तुला त्याची हौस पत्रावरून तरी दिसली नाही. सॉफ्टवेअर अभियांत्रिकीत अनेकांनी मिळून मोठी प्रणाली बांधणं, तपासणं, वर्षानुवर्षं सांभाळणं यावर जोर असतो. प्रकल्पात तू ज्या तऱ्हेने रमलीस त्यावरून ही यादीही एकदा चाळ असं सुचवीन.

स्वतःबद्दल निवेदन लिहायचं असेल किंवा मुलाखत असेल, तर ‘मला लहानपणापासून संगणकाची आवड आहे’ हे वाक्य पहिलं खोड. हजारो अर्जांत ते असतं. त्याऐवजी तुझ्या ग्रंथालयाच्या प्रकल्पातली एकच गाठ घे, शेवटची प्रत दोघांनी एकदम मागितल्याची. आधी काय झालं, का झालं, काय करून बघितलंस, अजून काय समाधानकारक नाही. मुलाखतीत अनोळखी कोडं घातलं तर गप्प बसून उत्तर शोधू नकोस, बोलत बोलत सोडव. लहान उदाहरण घे आणि कोष्टक आख, तोवर ते तुझ्या हातात बसलेलं असेल.

पसंतीक्रम भरताना वर हवं ते स्वप्न ठेव, पण खाली असा एक तरी पर्याय हवा जिथे तुझ्या आताच्या मार्कांवर प्रवेश नक्की आहे आणि जिथे जायला तुला मनापासून चालेल. दुसरी अट मुलं विसरतात, ‘भरून ठेवू, मिळणार थोडंच’ म्हणून काहीही टाकतात आणि नेमकं तेच मिळतं. प्रत्येक पर्यायासमोर तीन गोष्टी लिही : अर्जाची शेवटची तारीख, वेगळी प्रवेश परीक्षा आहे का, आणि गणितात किमान किती मार्क लागतात. हा तक्ता याच आठवड्यात कर. प्रवेश परीक्षेचे अर्ज कधीकधी अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी बंद होतात.